मान हलवली आणि नोकरी गेली

ल्युबेन मला पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको असतो. आमच्या व्रात्सा गावच्या चौकातल्या बँकेचा तो मॅनेजर, आणि समोरच माझं कॉफीचं दुकान. रोज येतो, एका कॉफीचे पैसेसुद्धा फोनवरून देतो आणि वर मलाच शहाणपण शिकवतो.

रोसित्सा त्याच बँकेत कॅशियर. ऐन तारुण्यात लागली, आता पेन्शनला तीन वर्षं उरली होती. नोटा मोजायला ल्युबेनला तिनंच शिकवलं, तरी तो मॅनेजर झाल्यापासून ती त्याला 'साहेब' आणि 'तुम्ही' म्हणायची. अलीकडे त्यानं तिला काउंटरवरून उठवून दारात उभं केलं होतं. येणाऱ्या म्हाताऱ्यांना फोनवरची बँक शिकवायची, म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा. मेल्याला लाज नाही!

मग परदेशातल्या मुख्य कचेरीनं माणसं कमी करायला काढली. व्हिडिओ कॉल लागला. रोसित्साला इंग्रजी येत नाही, म्हणून ल्युबेन शेजारी बसून भाषांतर करून सांगत होता. तिकडच्या बाईनं विचारलं, राजीनामा खुशीनं देताय ना?

"मुळीच नाही!" रोसित्सा म्हणाली आणि जोरात मान वरखाली केली. आम्ही बल्गेरियातली माणसं नाही म्हणताना मान अशीच हलवतो. तिचा माइक बंद होता. बाईला दिसली ती नुसती मान. ती गोड हसली आणि कॉल संपला.

दुसऱ्या दिवशी रोसित्साच्या कार्डानं बँकेचं दार उघडेना. तक्रार केली, तर उत्तर आलं की तुम्ही हो म्हणालात, मॅनेजरनीही तसंच सांगितलंय.

ती तडक माझ्या दुकानात आली. ल्युबेन कॉफी पीत होता.

"अहो, गैरसमज झाला," तो म्हणाला.

"गैरसमज? तू काय चंद्रावर जन्मलास?" मी ओरडले. "आई आणखी बानित्सा वाढायला लागली की तू मान कशी हलवतोस रे?"

रोसित्सानं मला हातानं थांबवलं. "साहेब, एकच सांगा. मी हो म्हटलं, असं तुम्हाला खरंच वाटलं?"

तो कपात चमचा फिरवत राहिला. "नाही. पण एक नाव द्यायचंच होतं, रोसित्साबाई. तुमचं दिलं नसतं, तर माझं गेलं असतं. मला घराचे हप्ते आहेत."

"म्हणजे तुला कळलं होतं," ती म्हणाली. तो मॅनेजर झाल्यापासून तिनं त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

मी त्याच्यापुढचा कप उचलला. कॉफी अजून अर्धी होती.