शेंदूर पुसलेला दगड

आमच्या जिल्ह्यात इतिहास कुठे आहे हे सांगायला रस्त्याकडेला पाट्या आहेत. रोहिणखेडच्या जुन्या मशिदीकडे बाण, सिंदखेडराजाकडे बाण. डोणगावच्या अलीकडे आमच्या वस्तीसमोर जो दगड उभा आहे, त्याच्याकडे मात्र कुणाचा बाण नाही. याचं मला वाईट वाटत नाही, राग येतो.

दगड कमरेएवढा, काळा. त्यावर माझ्या आज्याने छिन्नीने कोरलंय, ‘ही विहीर आम्ही खोदली. पाणी सर्वांना.’ गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना चढू देत नसत, म्हणून वस्तीने रस्त्याकडेला स्वतःची खोदली. माय तेव्हा नवी सून होती, तिनेही डोक्यावर मातीची टोपली वाहिली. पुढे दुष्काळात गावची विहीर आटली आणि तेच गाव घागरी घेऊन आमच्याकडे आलं. कोणालाच परत पाठवलं नाही. गावात हे कुणी सांगत नाही, तेवढा दगड सांगतो. विहीर मागच्या रुंदीकरणात बुजवली.

यंदा रस्ता पुन्हा रुंद व्हायला निघाला आणि दगडावर चुन्याची फुली पडली. मी बुलढाण्याला नोकरी करते. अर्ज दिले, कचेरीत खेटे घातले.

“मॅडम, याची नोंदच नाही,” साहेब म्हणाले.

“नोंदी लिहिणाऱ्यांत आमचं कोण होतं?” मी विचारलं. साहेब दुसरी फाइल चाळायला लागले.

फाट्यावरच्या चहावाल्याने वेगळाच उपाय सांगितला. गावातलाच, माझ्याबरोबर शाळेत होता, मनाने भला. “ताई, शेंदूर फासा त्याले. मंग मशीनवाला हात नाही लावत.” खोटं नव्हतं. आमच्याकडे शेंदराच्या दगडाला रस्तासुद्धा वळसा घालून जातो. मी मायला सांगितलं, तर ती भडकलीच.

“त्याले देव केला की पाया पडा लागते. आन एकदा देव झाला की आमालेच दूर उभं करतीन.”

खोदायचं मशीन आलं त्या सकाळी आम्ही बाहेर येऊन बघतो तर दगड शेंदराने लालभडक, पुढ्यात फोडलेला नारळ. जालन्याकडचा ड्रायव्हर चपला काढून हात जोडून उभा. चहावाला खुशीत होता. “काकू, मीच लावला. आता कोनी हात लावत नाही.”

माय सरळ ड्रायव्हरकडे गेली. “बाबा, जरासं डिझेल दे.” त्याने बिचाऱ्याने डबड्यात काढून दिलं. मायने पदर खोचला, चिंधी भिजवली आणि सगळ्यांसमोर देव पुसायला घेतला.

“काकू, आता तोडीन ना तो!” चहावाला ओरडला.

“तोडू दे. पन वाचून तोडू दे.”

मला तिचा हात धरावा असं वाटत होतं, आणि अभिमानाने ऊर भरूनही आला होता. हात धरला नाही.

ड्रायव्हर वाकला. एकेक शब्द मोठ्याने वाचला. मग म्हणाला, “विहीर कुठंय, आजी?”

“तू उभा हायेस तिथंच. तुया मशीनखाली.”

तो पायाखाली बघत राहिला. मग त्याने सुपरवायझरला फोन लावला. “नाही साहेब, देवाबिवाचं नाही. पण माझ्याच्यानं हा फुटायचा नाही.” बरीच हुज्जत झाली. शेवटी दगड अख्खा उचलायचा, वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अंगणात ठेवायचा, असं ठरलं.

“आंगनात नाही,” माय म्हणाली. “ज्यायच्यासाठी लिहला ते रस्त्यानं जातेत.”

म्हणून दगड आता नव्या नालीच्या पलीकडे, रस्त्याला तोंड करून उभा आहे. शेंदूर निघाला, पण अक्षरांच्या खाचांतला काही केल्या निघेना. त्यामुळे अक्षरं लांबूनही दिसतात, आणि नवखी माणसं फसतात.

परवा मी घरी होते. एका मोटारसायकलवाल्याने गाडी थांबवली, चप्पल काढली आणि दगडासमोर हात जोडले. माय ओट्यावर शेंगा सोलत होती. तिथूनच ओरडली, “ओ भाऊ, पाया नका पडू. वाचा!”