पाणी तयार होईपर्यंत

घरात फिशटँक आला की मासे नंतर येतात, किस्से आधी! आमच्या दहिवलीच्या घरात तर खोका उघडायच्या आतच सुरुवात झाली.

दादा जर्मनीत असतो. दोन वर्षं झाली. यंदा गणपतीला नक्की येतो म्हणाला आणि आयत्या वेळी रजाच मिळाली नाही. आईने जाहीर केलं, "आता व्हिडिओ कॉलवर माझं तोंड दिसणार नाही. बघायचं असेल तर घरी ये!" तिला मनवायला दादाने ऑनलाइन फिशटँक पाठवला. बेल वाजली, मी दचकले. आई खोक्याकडे बघत म्हणाली, "पोरगा मागितला होता. पेटी आली."

*

नव्या टँकमध्ये लगेच मासे सोडायचे नसतात. फिल्टर चालू ठेवून दोन-तीन आठवडे पाणी नुसतं राहू द्यायचं. मी धास्तावून रोज ते तपासायचे. शेजारच्या मावशी, मूळच्या कडावच्या, डोकावल्या.

"मासं कुटं हायत गं?"

"पाणी तयार होतंय, मावशी."

"तयार व्हायला ते काय लोणचं हाय?"

*

शेवटी चौक गावातल्या दुकानातून सहा गप्पी मासे आणले. रिक्षात पिशवी मांडीवर धरलेली. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी किंचाळायचे, "हळू! हळू!"

रिक्षावाल्या काकांनी रिक्षा थांबवली, मागे वळून पिशवीत निरखून पाहिलं. "ताई, मासं बरं हायत. तुमी जरा श्वास घ्या!"

*

रविवारी आमच्याकडे बांगडे. तळणी सुरू करण्याआधी आईने टँकवर टॉवेल टाकला.

"त्यांना कशाला दाखवायचं?"

बाबा पेपरातून म्हणाले, "कोंबडी करतेस तेव्हा मावशींच्या खुराड्यावर कधी टॉवेल टाकलास?"

"त्या कोंबड्या माझ्या पोराने पाठवलेल्या नाहीत."

बाबांनी पुन्हा पेपर वर धरला.

*

आता दादा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो, मासे बघायला. मी मोबाइल टँकसमोर धरते, टँकची लाइट लावते आणि उभी राहते. आई मागे खुर्चीत वाल सोलत बसते. कॅमेऱ्यात यायचं नाही म्हणजे नाही!

परवा कॉल चालू असताना बघितलं, तर लाइट लावायचीच राहिली होती.

"थांब रे दादा, लाइट लावते. मासे दिसतच नसतील तुला."

"नको गं."

"अरे, नुसता अंधार आहे आत!"

"राहू दे. रोज तू लाइट लावतेस आणि काचेत दिसणारी आई जाते."

तेवढ्यात मागे खुर्ची करकरली आणि मी दचकले.

वालाचं ताट मांडीवर घेऊन आई काचेच्या बरोबर समोर येऊन बसली होती.