फक्त उतरते आकडे

अतिदक्षता विभागात तिला सगळे 'आकाशवाणी' म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर 'ताई'. पण पाठ वळली की झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची ती आकाशवाणीच. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण कबूल कोण करतो!

काम म्हणाल तर उभं राहून बघण्याचं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या श्वासनलिकेत डॉक्टरांनी दुर्बीण घातली, की ज्या नळीतून त्याला हवा मिळते तीच निम्मीअधिक बुजते. मशीन हवा ढकलतं, ती अडते, दाब वाढतो, आत गेलेला श्वास पुरता परत येत नाही, आणि मशीन बोंबलायला लागतं. ती बोंब चालू ठेवली तर कोणालाच काही सुचणार नाही. म्हणून दुर्बीण आत असेपर्यंत मशीनचा आवाज बंद करायचा, अशी तिथली रीत होती. मशीन मुकं झालं की त्याच्या जागी ही बोलायची. डॉक्टरांचे डोळे दुर्बिणीच्या पडद्यावर, हिचे मशीनवर, आणि हिचा एक तळहात रोग्याच्या छातीवर. रक्तातला ऑक्सिजन शंभरात किती, तो आकडा ती खणखणीत आवाजात सांगायची. "ब्याण्णव. नव्वद. अठ्ठ्याऐंशी." फार खाली गेला की डॉक्टर दुर्बीण बाहेर ओढायचे.

मात्र सांगायचा तो फक्त उतरता आकडा. नवी होती तेव्हा ती चढतानाही सांगत असे, तर मोठे डॉक्टर खेकसले होते, "वर चाललंय ते कशाला सांगतेस? मी काय इथे नाचू? खाली येईल तेव्हा बोल." तेव्हापासून आकडा चढू लागला की ती गप्प. ती गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना कळायचं. सगळ्यांना म्हणजे, जे उभे होते त्यांना.

नोकरीत ती चांगली मुरली आणि मग एके वर्षी तिची आत्याच खिडकीजवळच्या खाटेवर आली. आई लवकर गेल्यावर हिला वाढवलं ते या आत्यानं. जिभेची तिखट बाई. हिच्या वेण्या घालता घालता अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढायची आणि रिबिनीची गाठ इतकी घट्ट मारायची की डोळ्यांत पाणी यावं. आत्याच्या फुप्फुसात चिकट कफ अडकून बसला होता. दुर्बिणीनं तो काढून बघणं एवढाच उपाय उरला होता.

"तू बाहेर थांब," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या आत्याचे आकडे दुसरं कोणी सांगणार नाही," ती म्हणाली. हट्टाला पेटली की ती आत्याचीच भाची.

ती उभी राहिली. आवाज जराही कापला नाही. सत्तर. सदुसष्ट. चौसष्ट. मग पडद्यावर आकडाच उरला नाही; त्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या. डॉक्टरांनी ते पाहिलं, धावपळ झाली, करायचं ते सगळं करून झालं. चूक कोणाचीच नव्हती, आणि ते तिलाही पटलेलं होतं. फक्त रेघांना काय म्हणायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तळहात आत्याच्या छातीवर ठेवून ती तशीच मुकी उभी राहिली होती.

त्यानंतर ती लिफ्टनं कधी खाली उतरली नाही. वर जाताना काही नाही. पण खाली येताना दारावरचे आकडे एकेक करून घटू लागले की तिच्या घशाशी आवाज यायचा. "व्यायाम होतो हो," असं सांगून ती जिना उतरायची. आणि घरी भांडी घासताना पाठीमागून कोणीतरी तिच्याच आवाजात 'चौसष्ट' म्हणायचं. वळायचं नाही असं ठरवूनही ती वळायची. मागे आत्याची रिकामी खुर्ची.

असंच चाललं होतं. मग एका दुपारी किल्लीवाला परत आला.

कुलपं दुरुस्त करणारा, किल्ल्या घासून देणारा साठीचा माणूस. मागच्या वर्षी न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर पडला होता, तेव्हा दुर्बीणही घालावी लागली होती, आणि जगून घरी गेला होता. पण गळ्यातली नळी जिथे टेकली होती तिथे श्वासनलिकेला आतून वण धरला आणि ती आकसत गेली. आता त्याचा प्रत्येक श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दुर्बीण घालून आत छोटा फुगा फुगवायचा आणि ती जागा रुंद करायची, एवढंच करायचं होतं. नाही केलं तर एक दिवस दार कायमचं लागणार, हे डॉक्टरांनी त्याला त्याच्याच भाषेत सांगून पाहिलं होतं. तरी हा नाहीच म्हणत होता. बायको खाटेच्या पायथ्याशी रडून रडून थकली होती.

ती त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावायला गेली. "काका, मान जरा वर घ्या."

त्यानं खाटेचा कठडा गच्च धरला. "हीच ती," तो बायकोला म्हणाला. "हाच आवाज."

"अहो, काहीतरीच काय! त्यांनी तर तुम्हाला वाचवलं."

"वाचवलं असेल. पण मला तिथंच सोडून गेल्या."

"कुठे सोडलं, काका?" तिनं विचारलं.

"एक्क्याऐंशीवर." मध्ये दम घेत, शिट्टी वाजवत तो बोलत राहिला. "डोळे उघडत नव्हते, हात हलत नव्हता, पण कान होते ना! तुम्ही नव्वद म्हणालात, पंच्याऐंशी म्हणालात. मला कळलं, हे माझंच चाललंय. मी विहिरीत उतरतोय आणि वरून कोणीतरी पायऱ्या मोजतंय. मग एक्क्याऐंशी म्हणालात, आणि बंद. पुढे काहीच नाही."

"कारण मग आकडा वर चढला, काका. चढला की आम्ही बोलत नाही."

"हे मला कोणी सांगितलं?"

ती नळी त्याच्या नाकाला नीट बसवू लागली.

"मी अजून तिथंच आहे हो," तो म्हणाला. "कानस हातात घेतली की कानात एक्क्याऐंशी. जेवायला बसलो की एक्क्याऐंशी. पुढचा आकडा काय, याची नुसती वाट बघत बसतो. पुन्हा नाही जायचं मला तिथे."

इतक्या वर्षांत इतक्या खाटा. प्रत्येकीवर तिनं खाली जाणाऱ्या पायऱ्या मोजल्या होत्या आणि परतीची एकही नाही. जगले त्यांनाही नाही, गेले त्यांनाही नाही.

"आज चढतानाही सांगेन," ती म्हणाली. "अगदी वर येईपर्यंत."

"आणि चढलाच नाही तर?"

"खोटा आकडा मी सांगत नाही, काका. कधीच नाही."

त्यानं कठडा सोडला. "नका सांगू. मग नुसतं 'मी इथे आहे' म्हणा. उतरणाऱ्याला तेवढंही पुरतं." आणि बायकोकडे वळून म्हणाला, "रडू नकोस आता. करू दे त्यांना."

तासाभरात तयारी झाली. औषधानं त्याचे डोळे मिटले. त्याला मशीन जोडलं आणि मशीनचा आवाज बंद केला. दुर्बीण आत गेली, अरुंद जागी फुगा फुगला आणि वाट पुरती बंद झाली. तिच्या तळहाताखाली छाती उचलायची थांबली.

"त्र्याण्णव. नव्वद. शहाऐंशी."

"सोडला फुगा," डॉक्टर म्हणाले. छाती पुन्हा हलली. पण आकडा उतरतच राहिला. फुप्फुसात हवा पोचल्याची बातमी बोटाला लावलेल्या चिमट्यापर्यंत यायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं. त्याला कुठे माहीत होतं!

"त्र्याऐंशी. एक्क्याऐंशी."

पुढचा आकडा सांगणं तिला आजवर इतकं जड गेलं नव्हतं. "एकोणऐंशी," ती म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर." आकडा तिथेच थांबला. ती खाली वाकली. "काका, मी इथे आहे. अठ्ठ्याहत्तर. मी इथेच आहे."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या.

"ऐंशी," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी. एकोणनव्वद."

"कळलं गं, चढतंय. पुरे आता."

"तुमच्यासाठी नाही सांगत," ती म्हणाली, आणि अठ्ठ्याण्णव होईपर्यंत थांबली नाही.

संध्याकाळी तो जागा झाला तेव्हा शिट्टी गेली होती. बायको म्हणाली, "किती शांत वाटतंय! मला तर आता झोपच येणार नाही." तो हसला. मग ताईकडे बघून हळूच म्हणाला, "अठ्ठ्याहत्तरला होतात तुम्ही. ऐकलं मी."

ती जिना उतरून घरी आली. भांडी घासायला घेतली. दिवा लावायचा राहून गेला होता. थोड्या वेळानं पाठीमागून आलंच: चौसष्ट.

आज ती वळली नाही. 'पासष्ट' म्हणावं असं तिला फार वाटलं. शब्द जिभेवर आला. पण तो आकडा कुठल्याच पडद्यावर उमटला नव्हता, आणि तिला तो म्हणता येईना. रेघा आल्या तेव्हा जे म्हणायला हवं होतं ते तिला आता कळलं होतं. तेव्हा ती आत्याच्या किती जवळ उभी होती.

"आत्या," ती नळाकडे बघत म्हणाली, "मी इथे आहे."

नळ बंद करून ती थांबली. बऱ्याच वेळानं मागून पुन्हा चौसष्ट ऐकू आलं. या खेपेला तो आवाज तिचा नव्हता. पुढच्या आकड्याची वाट बघून कंटाळलेला, तिखट, आत्याचा होता.