आमेनच्या पुढची पानं

धाकटीला कोणी खऱ्या नावानं हाक मारली असेल, तर ती बाप्तिस्म्याच्या दिवशीच. त्यानंतर ती धाकटीच राहिली. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, लॉन्ड्रीतल्या पोरी 'धाकटी मावशी' म्हणायला लागल्या, तरी धाकटेपण काही सुटलं नाही. सुटणार कसं? घरात थोरली होती ना. ताई.

दोघी बहिणी, दोन खोल्या, एक खिडकी. कामाची वाटणी लहानपणीच ठरलेली. वाचायचं ते ताईनं, हातानं करायचं ते धाकटीनं. धाकटीला वाचता येत नव्हतं असं नाही, पण ताई असताना आपण कशाला डोळे शिणवायचे? लॉन्ड्रीतले उरलेले शर्ट ती घरी आणायची. संध्याकाळी टेबलावर कांबळं अंथरून इस्त्री फिरवायची, आणि ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून प्रार्थनामंदिराच्या वाचनालयातल्या कादंबऱ्या वाचून दाखवायची.

आणि काय त्या कादंबऱ्या! पुरात अडकलेली शिक्षिका. देवावर रुसलेला विधुर डॉक्टर. अनाथाश्रमातली परिचारिका आणि तिच्यावर जीव टाकणारा, पण रविवारी उपासनेला मात्र न फिरकणारा गवंडी. ताई नायकाचं बोलणं खर्जात म्हणायची, खलनायक आला की खुर्ची करकरवायची. रंगमंच गाजवायची बाई, ती जन्मभर एका ऑफिसात टायपिंग करत बसली. सगळी नाटकं या एका प्रेक्षकासाठी राखून ठेवलेली. ऐकता ऐकता धाकटीची इस्त्री कॉलरवर थबकायची आणि करपल्याचा वास आला की दोघी हसायच्या.

प्रत्येक कादंबरीत एक वेळ अशी यायची की नायिका गुडघे टेकायची आणि म्हणायची, प्रभू, याच्यावरचा माझा हक्क मी सोडते, तुझी इच्छा तीच माझी. तिथे ताईचा आवाज ओला व्हायचा. मग ती पुस्तक मिटायची आणि म्हणायची, "आमेन."

धाकटीही म्हणायची, आमेन. इस्त्री बंद. आमेननंतर कोणी प्रश्न विचारतं का? एकदाच तिनं विचारलं होतं की सगळ्याच जणी सोडून कशा देतात. त्यालाच प्रेम म्हणतात, असं ताईनं सांगितलं, आणि ते धाकटीला पटलं.

अधूनमधून उपदेशाची, रोजच्या जगण्यात कामाला येणारी पुस्तकं असायची. ती मात्र ताई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची आणि धाकटी त्यातलं अक्षर न् अक्षर पाळायची. राग आला की कपाट आवरा, असं एकात होतं. धाकटीचं कपाट इतकं नीटनेटकं असायचं की त्या घरात राग किती होता, हे कपाट उघडणाऱ्याला कळलं असतं.

वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवायला एक बाइंडर होता. खळीनं कडक झालेला आपला अ‍ॅप्रन तो लॉन्ड्रीत आणायचा. खळीचे डाग जाणार नाहीत हे त्यालाही ठाऊक, धाकटीलाही ठाऊक, तरी अ‍ॅप्रन यायचाच. तरुणपणी एकदा काउंटरवर अ‍ॅप्रन ठेवता ठेवता त्यानं तिला लग्नाचं विचारलं. त्याच संध्याकाळी ताईच्या नायिकेनं गुडघे टेकले. दुसऱ्या दिवशी धाकटीनं त्याला सांगितलं, "मी तुम्हाला प्रभूच्या हाती सोपवलंय."

बाइंडर जरा विचारात पडला. "त्याच्याकडे माझं काय काम आहे?" म्हणाला.

पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही. अ‍ॅप्रन मात्र येत राहिला.

मग या हिवाळ्यात ताई गेली. माणूस गेलं, आवाज राहिला. इस्त्री तापली की खुर्चीतून घसा खाकरल्यासारखं व्हायचं. आधी धाकटीला बरंच वाटलं, सोबत होती. खिडकीत ताईनं पुन्हा वाचायला घेतलेली, अर्धी राहिलेली गवंड्याची कादंबरी पडून होती, ती एका संध्याकाळी तिनं स्वतः उघडली. डोळे ओळींवरून फिरत होते तिचे, पण कानात वाचत होती ताई. परिचारिकेनं गुडघे टेकले. आवाज ओला झाला. आमेन.

पण उजव्या अंगठ्याखाली पानं तर अजून जाडजूड लागत होती. चुकून दुसरी गोष्ट छापली गेली असेल, असं वाटून तिनं पान उलटलं. परिचारिका गुडघ्यांवरून उठली होती. दारावर थाप पडली होती. दारात गवंडी उभा होता, नखशिखांत भिजलेला. तिथून पुढे थेट लग्न.

धाकटीनं वाचनालयातून दुसरी आणली, तिसरी आणली. शिक्षिकेचं लग्न, डॉक्टरचं लग्न. प्रत्येक आमेनपुढे एक दार उघडत होतं. वाचनालय सांभाळणाऱ्या पाळकबाईंना तिनं विचारलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, शेवटी लग्न नसेल तर बायका पुस्तक माझ्या डोक्यात घालतील.

त्याहून वाईट म्हणजे त्या शेवटच्या पानांना लवंगेचा वास होता. ताईचे दात जन्मभर ठणकायचे; बोटं कायम लवंगेच्या तेलात बुडालेली. म्हणजे धाकटी लॉन्ड्रीत असताना ताई एकटीच बसून ती लग्नं वाचायची. पुन्हा पुन्हा. बाकीच्या पानांना एवढा वास नव्हता.

धाकटी उठून कपाटाकडे गेली. आवरायला काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर त्या आवाजाची सोबत राहिली नाही, पहारा झाला. धाकटी शेवटच्या प्रकरणाशी आली की खुर्चीतून यायचं, आमेन, आणि हातातलं पुस्तक मिटायचं. आपण मिटलं नाही, असं तिनं शपथेवर सांगितलं असतं. स्वयंपाकघरात जाऊन वाचलं तरी तेच. पाठीमागे, मानेजवळ. आमेन.

आणि नेमका तेव्हाच बाइंडर अ‍ॅप्रन न्यायला आला. बाइंडिंगचं दुकान बंद होतंय, शनिवारनंतर पुतणीच्या गावी राहायला जातोय, असं त्यानं सांगितलं. "पुन्हा विचारलं असतं धाकटीबाई, पण तुम्ही पुन्हा मला वर पाठवाल."

धाकटीच्या तोंडून हो निघेना. आत कुठेतरी कोणी पुस्तक मिटल्यासारखं झालं. तिनं एवढंच म्हटलं की शनिवारी घरी या. हो म्हणायचं तर त्याच खोलीत, त्या खुर्चीसमोर म्हणायला हवं. तिथे जमलं नाही तर मग कुठेच नाही.

उपदेशाच्या एका पुस्तकात लिहिलं होतं, ज्यानं दुखावलं त्याच्यासमोर बसा, मोठ्यानं बोला आणि उत्तराला जागा ठेवा. शुक्रवारी उन्हं उतरताना धाकटी खुर्चीसमोर स्टुलावर बसली.

"मी तुला एकटीला टाकून जाईन, याची भीती वाटली, हे सरळ म्हणायचंस ना ताई. कदाचित गेलेही नसते. पण मला शेवट ऐकू द्यायचास."

मग तिनं जागा ठेवली. खोलीत अंधारून आलं. आणि मग खुर्चीतून हळूहळू, पुस्तकाशिवाय, ताई शेवटचं प्रकरण म्हणू लागली. दारावरची थाप, भिजलेला गवंडी. तिला सगळं पाठ होतं. एक शब्द चुकला नाही, फक्त लग्नाच्या घंटेशी आवाज कापला.

शनिवारी बाइंडर आला. चांगला कोट घातलेला, हात कुठे ठेवावेत हे न कळून उंबऱ्याशीच उभा. धाकटीनं त्याला काही विचारू दिलं नाही. मी वाचते, आधी ऐका, म्हणाली. जन्मात तिनं मोठ्यानं वाचलं नव्हतं. तिनं आमेनच्या पुढचं पान काढलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली. गवंड्याचा खर्ज आला. थांबायचं तिथे थांबणं आलं. बाइंडरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"हा तर त्यांचा आवाज."

"हो," धाकटी म्हणाली. "मी तुमच्याबरोबर राहीन. पण इथे राहावं लागेल, आणि आम्ही दोघी आहोत. चालेल?"

त्यानं खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं, मग हिच्याकडे. मग पुटपुटला, "जिवंतपणी त्यांनी मला एकदाही बसा म्हटलं नाही."

"बसा."

शब्द धाकटीच्या ओठांतून आला होता. कोणी म्हटला, ते दोघांनीही विचारलं नाही. बाइंडर स्टुलावर बसला, आणि तिनं पुढचं पान उलटलं.