मान वर न करणारी मुलगी

निवृत्त झाल्यापासून सिंदी मेघे गावातल्या आमच्या घरी पालक येतात. "पोरगी एवढी मोठी साहेब झाली, काय केलं सर तुम्ही?" असं विचारतात. मी गणिताचा मास्तर, सूत्र सांगायची जुनी खोड. तरी हल्ली मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

सूत्र होतं. हुशार पोरं मी वर्गात ढिगाने पाहिली. बाहेर कुत्रं भुंकलं की त्यांची हुशारी कुत्र्यामागे पळायची. पुढे गेली ती मान वर न करणारी. हे मी स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याचा मला भारी गर्व होता.

मुलगी अधिकारी होण्यासाठी परीक्षेच्या तयारीला लागली, तेव्हा मी रोज दुपारी बारा ते तीन तिचा सराव घेऊ लागलो. ती पेपर लिहीत असताना मी मागे ताट आपटायचो, दारावरची बेल वाजवायचो. मान वर केली की पेपर पुन्हा पहिल्या प्रश्नापासून. सुरुवातीला ती रडायची. मग रडेनाशी झाली, आणि मी खूश झालो.

एकच आवाज तिला अजून हलवायचा, तिच्या आईचा. म्हणून मी बायकोलाच कामाला लावलं. स्वयंपाकघरातून ओरडायचं, चटका बसला म्हणायचं.

"पोरीले असं काऊन छळून राह्यले तुम्ही?" ती म्हणाली. "मले नाई जमत असलं."

"तिच्याच भल्यासाठी हाय ना. तू फक्त आवाज दे."

तिने आवाज दिला. पहिल्या काही वेळा मुलगी धावत आली, मी तिला परत पाठवलं. नंतर नुसता पेन थांबू लागला. एक दिवस पेनही थांबला नाही. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं, तर तिचा चेहरा उतरलेला. जेवताना तिने विचारलं, "अन् मी खरंच हाक मारली तं?"

"मी असतो ना घरी," मी हसून म्हणालो.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी केळझरच्या गणपतीला साकडं घालायला गेलो. येताना एसटी सेलूजवळ बंद पडली. घरी पोचलो तेव्हा तीनला वीस मिनिटं कमी होती. न्हाणीघराचा नळ सुरूच होता. बायको ओल्या फरशीवर पडली होती, पाय मांडीपासून भलतीकडेच वळलेला. तिचा आवाज पार बसला होता. "लय हाका मारल्या," ती कशीबशी म्हणाली.

समोरच्या खोलीत मुलगी लिहीत होती. माझी चाहूल लागली तशी पाठमोरीच बोलली, "बाबा, वीस मिनिटं बाकी हायेत. आज पेपर पूर्ण होऊन राह्यला."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला आधी अभिमान वाटला. भीती त्याच्या मागून आली, आणि ती येईपर्यंत मी बायकोचं कण्हणं आत जाऊ नये म्हणून मुलीच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं होतं.

मुलगी निवडली गेली. दाराबाहेर लोक कितीही ओरडोत, मॅडमची नजर फाइलवरून हलत नाही, असं तिच्या ऑफिसातले कौतुकाने सांगतात. दर रविवारी ठरल्या वेळी ती फोन करून आईच्या पायाची चौकशी करते.

बायको वॉकर धरून चालते. पाणी हवं असलं, खाटेवरून उठता येत नसलं, तरी मला बोलावत नाही. मी डोकावेपर्यंत तशीच बसून राहते. परवा मी चिडलोच. "एक आवाज द्याले काय होते तुले?"

तिने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "पडल्या जागेवरून मले पोरीच्या खोलीचं दार दिसत होतं," ती म्हणाली. "ते कोणी लावलं, तेई दिसलं."