फ्रेमवाल्याचा ‘नाही’

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या रांगेच्या पलीकडे एक अरुंद खोली होती. दारावर पाटी होती, ‘वाचा उपचार’. लोक पहिला शब्द वाचायचे आणि सरळ आत शिरायचे. कुणी डॉक्टरची चिठ्ठी पुढे करायचं, “अक्षर लागत नाही, तेवढं वाचा.” एका म्हातारबांनी तर विचारलं होतं, “म्हणजे इथे आलेला माणूस वाचतो का हो?” तेव्हा खोलीतल्या बाई म्हणाल्या होत्या, “वाचलेलेच इथे येतात आजोबा. पुढचं बघायला.” त्या दिवसापासून सगळं इस्पितळ त्यांना वाचाताई म्हणू लागलं.

ताईंच्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती. मेंदूत रक्ताची गाठ होऊन ज्यांची वाचा गेली, डोक्याला मार लागून ज्यांचे शब्द इकडचे तिकडे झाले, कंपवातामुळे ज्यांचा आवाज घशातच विरतो, अशी मोठी माणसं त्यांच्याकडे यायची. एकच शब्द दहादा म्हणायचा, ओठ कसे मिटतात ते दाखवायचं, समोरच्याला घाम फुटेपर्यंत वाट बघायची आणि तरी चेहरा हसरा ठेवायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर तोंडातून ब्रसुद्धा निघायचा नाही. नवरा विचारायचा, “जेवायला वाढू?” त्या मान हलवायच्या. “जगाला बोलतं करतेस आणि माझ्या वाट्याला मौनव्रत,” असं तो म्हणायचा. सुरुवातीला हसून म्हणायचा. मग नुसतंच म्हणायला लागला.

अशा दिवसांत फ्रेमवाले काका आले. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं फोटो फ्रेम करून द्यायचं दुकान होतं. तीन महिन्यांपूर्वी काच कापता कापता खाली कोसळले. उजवा हात लुळा पडला, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, आणि तोंडात एकच शब्द उरला, ‘नाही’.

“काका, बरं वाटतंय का?”

“नाही.”

“हो म्हणताहेत,” शेजारून काकू म्हणाल्या.

“दुखतंय का कुठे?”

“नाही.”

“खांदा दुखतोय त्यांचा. रात्रभर तळमळत होते.”

“काकू, तुम्हाला कसं कळतं?”

“चाळीस वर्षांचा संसार आहे ताई. न कळायला काय झालं?”

ताईंनी त्यांना समजावलं, की काकांना बोललेलं बरंच समजतं. काय म्हणायचंय तेही मनात पक्कं असतं. फक्त मनातून तोंडापर्यंतची वाट तुटली आहे आणि ‘नाही’ हा एकच शब्द तिथून निसटतो. तो हो असतो, नाही असतो, पाणी असतो, कधीकधी शिवीही असते. काकूंनी मान डोलावली, पण पुढच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा त्यांनीच दिलं. सवय लागलेली. फ्रेमवाले काका बायकोच्या तोंडाकडे बघत बसायचे, दुसऱ्याच्या हातातला पेपर वाचावा तसे.

आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, दोघं येत. अंक मोजताना ताईंच्या सुरात सूर मिसळून काका सहापर्यंत जायचे. सहा अंक अगदी स्वच्छ! सातला गाडी अडायची. एकदा सातवर अडल्यावर त्यांनी डाव्या हाताने टेबलावर मूठ आपटली आणि हुंदके देऊन रडले. काकूंनी पदराने त्यांचे डोळे पुसले, मग त्याच पदराने घाईघाईत स्वतःचे.

एका मंगळवारी त्यांच्याबरोबर काकांचा पुतण्या आला. पोरगा वाईट नव्हता. काका पडल्यापासून दुकान तोच उघडत होता, इस्पितळातली ने-आणही बऱ्याचदा त्याच्याच गाडीतून व्हायची. त्याने एक कागद पुढे केला.

“दुकान माझ्या नावावर करायचंय. कचेरीतला माणूस म्हणतो, ज्याला बोलता येत नाही त्याची संमती आहे असं इस्पितळातून लिहून आणा. तुम्ही विचारा आणि सही करा. पाच मिनिटांचं काम आहे. अर्ध्या दुकानात मोबाइलची कव्हरं ठेवीन म्हणतो. हल्ली फ्रेम करतं कोण ताई? फोटो सगळे फोनमध्येच.”

ताईंनी विचारलं, “काका, दुकान पुतण्याच्या नावावर करायचं?”

“नाही.”

“हो म्हणताहेत,” काकू म्हणाल्या.

“बघा!” पुतण्या म्हणाला.

ताईंनी उलट विचारलं, “दुकान स्वतःकडेच ठेवायचं?”

“नाही.”

बाहेर बाकावर सात जण खोळंबले होते. ताईंचा घसा सकाळपासून बसला होता. पेन हातात होतं आणि सही करावी असं त्यांना मनापासून वाटलं. हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. घरचे सगळे राजी, माणूस पुतण्याच, मग आपण कशाला आडकाठी करायची? पण फ्रेमवाले काका त्या पेनाकडे टक लावून बघत होते. ताईंनी टोपण लावलं.

“अजून तीनदा येऊ द्या. मग लिहीन.”

पुतण्या वैतागला. “त्यांना बोलता येत नाही म्हणून आम्हाला किती बोलायला लावता ताई!”

त्या आठवड्यापासून ताईंनी दोन जाड पुठ्ठे घेतले. एकावर बरोबरची खूण, दुसऱ्यावर फुली. “तोंड काय म्हणतंय तिकडे लक्ष देऊ नका. बोट ठेवायचं, बस.” मग प्रश्न सुरू झाले. चमचा खातात का? मासा झाडावर राहतो का? तुम्ही फ्रेम करता का? पहिल्या दिवशी वीसपैकी बारा बरोबर आले. एवढे तर डोळे मिटूनही आले असते. ताईंच्या लक्षात आलं, की बोट ठेवायच्या आधी काका बायकोकडे बघतात आणि काकूंची मान नकळत हलते. दुसऱ्या खेपेला त्यांनी काकूंना बाहेर बसायला सांगितलं. काकू नाराजीनेच उठल्या. अर्ध्या तासाने ताईंनी दार उघडलं, तर त्या भिंतीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या.

त्या दिवशी सोळा बरोबर आले. तिसऱ्या खेपेला एकोणीस. विसावा प्रश्न ताईंनी मुद्दाम विचारला, “बायकोवर कधी चिडता का?” काकांचं बोट दोन्ही पुठ्ठ्यांच्या मधोमध घुटमळलं आणि ते चक्क हसले. कोसळल्यापासून पहिल्यांदा.

“आता खरं विचारते. दुकान पुतण्याला द्यायचं?”

फुली.

“स्वतःकडे ठेवायचं?”

फुली.

“विकून टाकायचं?”

फुली, जोरात.

ताईंनी हात टेकले. “मग द्यायचं तरी कुणाला?”

काकांनी काठी घेतली. डावीकडे झुकत, पाय ओढत दारापर्यंत गेले, दार ढकललं आणि काठी उचलून बाकाकडे दाखवली. काकू झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, मांडीवर औषधांची पिशवी.

ताईंनी पुतण्याला बोलावून घेतलं, काकूंना उठवलं आणि सगळं सांगितलं. पुतण्याचा चेहरा उतरला. आता काकू रडतील असं ताईंना वाटलं, कारण अशा वेळी बायका रडतात. पण काकू रडल्या नाहीत.

“मला?” त्या म्हणाल्या. “मला कुणी विचारलं?”

त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“चाळीस वर्षं काचा पुसल्या. ही बोटं बघा, एकेका बोटावर चार चार चरे आहेत. आता यांना भरवते, आंघोळ घालते. बोलणं यांचं गेलं, तेही मीच बोलते. वर दुकान बघू? नको. मला नको ते दुकान.”

“काकू, त्यांना तुमची जाण आहे म्हणून—” ताई म्हणाल्या.

“कळतं हो. मोठ्या मनाचा आहे माझा माणूस. पण त्यांचं मन मोठं म्हणून माझे पाय दुखायचे थांबत नाहीत.”

काका ऐकत होते. “नाही,” ते हळूच म्हणाले. त्या वेळी तो शब्द कसला होता ते कुणीच सांगितलं नाही. काकूंनीही नाही.

ताईंनी त्या दिवशी पुढे काहीच विचारलं नाही. एका आठवड्याने पुठ्ठे पुन्हा मांडले. या वेळी पुतण्याही शेजारी बसला होता. ‘दुकान पुतण्याला द्यायचं?’ या प्रश्नावर काकांनी बरोबरच्या खुणेवर बोट ठेवलं. लगेच कागद ओढून डाव्या हाताने वेडावाकडा चौकोन काढला आणि त्याच्या एका कोपऱ्यात ठोसा मारावा तसं पेन्सिलीचं टोक रोवलं. पुतण्याने ओळखलं, “काच कापायचं टेबल. ते हलवायचं नाही, असंच ना काका?” बरोबरची खूण. “नाही हलवत,” पुतण्या म्हणाला.

ताईंनी लिहून दिलं, ‘रुग्णाला प्रश्न समजतात. पुठ्ठ्यांवर दिलेली उत्तरं विश्वासार्ह आहेत. संमती आहे, कोपऱ्यातलं टेबल ठेवण्याच्या अटीवर.’ आणि खाली, कुणी मागितलं नव्हतं तरी, आणखी एक ओळ लिहिली, ‘पत्नीला विश्रांतीची गरज आहे. शुक्रवारी दुसऱ्या कुणीतरी आणावं.’ पुतण्याने ती ओळ वाचली, खाली बघितलं आणि कागदाची घडी घातली. पुढच्या शुक्रवारी तो एकटाच काकांना घेऊन आला.

आठ महिन्यांत काकांना अकरा शब्द आले. पाणी, बस, खाली, चूक, पुतण्याचं लाडाचं नाव, असे. ‘हो’ मात्र शेवटपर्यंत धड आला नाही. इस्पितळाच्या नियमाने आठ महिन्यांहून जास्त दिवस देता येत नव्हते. अकरा शब्दांवर माणसाने उरलेलं आयुष्य काढायचं म्हणजे काय, हा विचार ताईंना अशा प्रत्येकाच्या शेवटच्या दिवशी यायचा, आणि दर वेळी त्याचं उत्तर सापडण्याआधी पुढचा पेशंट दारात उभा असायचा.

शेवटच्या दिवशी काकूही आल्या होत्या. निघताना काकांनी काठी फार पुढे टेकली.

“जवळ टेका,” काकू म्हणाल्या.

“चूक,” काका म्हणाले.

“मी चूक? डॉक्टरांनी सांगितलंय!”

“चूक. चूक. बस.”

“बस काय बस? ऐकलंत का ताई? यापेक्षा आधीच बरं होतं हो!”

भांडत भांडतच दोघं एक्स-रेच्या रांगेतून पुढे गेले. रांगेतल्या लोकांनी वाट करून दिली. कोण बरोबर होतं हे ताईंना ठाऊक होतं, पण त्यांनी कुणालाच सुधारलं नाही. घोटभर कोमट पाणी प्यायल्या आणि यादीतलं पुढचं नाव पुकारलं.