कढई कुणाची

गिऱ्हाइकाशी नातं कसं जोडावं हे शिकवणारे लोक हल्ली पैशाला पासरी झालेत. म्हणे, गिऱ्हाइकांना प्रश्न विचारा, त्यांच्या प्रत्येक ओळीला उत्तर द्या, आपली खरी गोष्ट सांगा. हे ऐकलं की मला हसू येतं आणि रागही येतो. हे सगळं मी नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाच करून बसले आहे. नगरमध्ये इंटरनेट कॅफेच्या पाट्या तेव्हा नुकत्याच लागत होत्या. खरी गोष्ट सांगितल्यावर गिऱ्हाईक काय करतं, ते मला कुणी शिकवायला नको.

मिरजगावला सोलापूर रोडला लागून आईचं मसाला कांडप होतं. पत्र्याची शेड, खाली लोखंडी उखळं आणि विजेवर वरखाली होणारी मुसळं. उन्हाळा लागला की आसपासच्या गावांतल्या बायका घरून मिरच्या, धने, खोबरं भाजून डब्यांतून घेऊन यायच्या आणि आपला मसाला कुटून होईपर्यंत समोर बसून राहायच्या. डोळ्यांतून पाणी, नाकाला पदर, तोंडं मात्र सुरू. आई प्रत्येकीच्या लेकी-सुनांची चौकशी करायची. आम्ही बौद्ध हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुटून न्यायला कुणाची हरकत नव्हती.

पण आई स्वतः भाजून, कुटून काळा मसाला करायची आणि त्याची पाकिटं फळीवर मांडायची. त्यांतलं एकही पाकीट या बायका घ्यायच्या नाहीत. "आमी घरीच करतो की," म्हणायच्या. त्याच बायका नगरच्या दुकानातून तयार मसाला आणायच्या, तो कुणी भाजला हे न विचारता. मुसळ आमचं चालायचं, कढई चालत नव्हती. मला हे उमगलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि माझं डोकंच सटकलं. आई म्हणाली, "तू नको डोकं लावू. शेड चालतीय ना आपली?"

मी डोकं लावलंच. कॉम्प्युटरचा कोर्स करून नगरच्या एका इंटरनेट कॅफेत कामाला लागले होते. टेलिफोनची लाइन जुळेपर्यंत यंत्र किरकिरत बसायचं. फुकटात वेबसाइट काढता येते हे कळल्यावर मी आईच्या मसाल्याची काढली. देवनागरी अक्षरं पडद्यावर धड दिसत नसत, म्हणून मराठीच लिहिलं, पण इंग्रजी अक्षरांत. वर आईचा उखळापाशी बसलेला फोटो स्कॅन करून टाकला. खाली गेस्टबुक, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं दोन ओळी लिहून जायची जागा.

आणि लोक यायला लागले! कर्जत-जामखेडकडचे, पण आता पुण्या-मुंबईत, कुणी दुबईत. मिरजगाव हे नाव पडद्यावर बघूनच हरखून जायचे. मी एकेकाला उत्तर द्यायचे. तिखट किती लागतं, घरात लहान मूल आहे का, असं विचारायचे. बाजारात मिरची कशी आलीय, सीना नदीला पाणी आहे की नाही, तेही कळवायचे. मनीऑर्डर आली की पार्सल करायचे. पुण्यातले एक गृहस्थ तर सारखे लिहायचे. मूळचे आमच्याच तालुक्यातले. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला पोरी म्हणायचे. पहिलं पार्सल मिळाल्यावर त्यांनी लिहिलं, आमटीला फोडणी दिली, वास सुटला आणि मला माझी आई आठवली. ते मी घरी वाचून दाखवलं, तेव्हा आईनं पुन्हा वाचायला लावलं.

मग एके दिवशी त्याच काकांनी गेस्टबुकात, सगळ्यांदेखत, विचारलं, "पोरी, फोटोतल्या बाई कुणाच्या घरच्या? आडनाव कुठंच दिसत नाही. घरात विचारतायत."

आडनाव आईनंच देऊ दिलं नव्हतं. कॅफेचे मालक तसे भले गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, ती ओळ उडवून टाका. घरगुती मसाला एवढंच लिहा, वर लक्ष्मीचा एखादा फोटो लावा. धंद्यात हे विषय कशाला आणायचे?"

"सर, आणला त्यांनी," मी म्हटलं. "झाकायचं मात्र मी?"

सुट्टीला घरी गेले तेव्हा आई कढईत खोबरं परतत होती. मी सांगितलं तसा तिचा हात थांबला. "हेच नको हुतं मला," ती म्हणाली. उन्हाळा सरला की शेड ओस पडायची. पार्सलं सुरू झाल्यापासून तेवढ्या महिन्यांत घर कढईवरच चालत होतं. पार्सलं थांबली तर काय, हे आम्हा दोघींनाही बोलून दाखवायची गरज नव्हती. खोबरं करपायला लागलं. तिनं कढई खाली उतरवली आणि माझ्याकडं वळली.

"त्याला आय आठावली म्हनला हुता ना? मग लिव. कुनी भाजलं ते लिव. माझं नाव लिव, आडनावासकट. आमी काय चोरी केलीय का?"

मी लिहिलं, "काका, फोटोतली बाई माझी आई. आम्ही बौद्ध. मिरच्या तिनं भाजल्या, खोबरं तिनं परतलं. ज्या वासानं तुम्हाला तुमची आई आठवली, तो आमच्याच कढईचा." खाली आईचं पूर्ण नाव टाकलं. मग बटण दाबलं.

काकांनी परत कधी लिहिलं नाही. ऑर्डरी निम्म्यावर आल्या. भांडण नाही, शिवी नाही. लोक नुसते यायचे थांबले. एखाद्यानं शिवी दिली असती तर मी पुरून उरले असते, याचाच मला जास्त संताप आला. काही मात्र टिकले. नागपूरच्या एका अनोळखी बाईंनी लिहिलं, पाकिटावर तुमच्या आईंचं नाव छापा की. आईनं छापून घेतलं, चांगलं ठळक, आणि नवी पाकिटं फळीवर मांडली.

त्या उन्हाळ्यात एक जुनी गिऱ्हाईक बाई आली. लग्न होऊन आल्यापासून आमच्याकडंच कुटायला येणारी. बाकीच्या बायका गेल्यावर ती फळीपाशी घुटमळली.

"पोरगं मुंबईला असतं," ती हळूच म्हणाली. "दोस्ताच्या घरी तुझा मसाला खाल्ला म्हनं. लई आवडलाय. एक पाकीट दे. पर बिननावाचं दे बाई, घरात सासू हाय."

माझ्या तोंडाशी उत्तर आलंच होतं. आईनं हातानंच मला थांबवलं. "बिननावाचं इतकी वरसं हितंच हुतं," ती म्हणाली. "तवा तू घेतलं न्हाईस. आता हाय ते नावाचं हाय."

बाईनं पाकीट उचललं आणि पटकन पदराखाली घेतलं.

"पदराखाली न्हाई," आई म्हणाली. "हातात धरून ने."

बाईनं बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडं तिच्या गावची माणसं एसटीची वाट बघत उभी होती. तिनं पाकीट फळीवर ठेवलं, आपला डबा काखोटीला मारला आणि निघाली. आईनं ते पाकीट सरळ केलं, नाव रस्त्याकडं करून.